वर्षभराची शाळा

आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली माझ्याकडे असते. त्या कपाटात मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीची एक प्रत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी नववीतल्या एका मुलीने ती नेली आणि गुढीपाडवा होऊन गेल्यावर परत आणून दिली. मधले पाच महिने ते पुस्तक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत होतं. पानांच्या कडा धुराने तपकिरी झालेल्या, पाठीवर तव्याच्या काजळीचा अंगठा, आणि एकशे काहीव्या पानावर खूण म्हणून उसाच्या पाचटाची वाळलेली पट्टी. उशिराबद्दल दंड घ्यायचा नियम आहे. मी विचारलं, वाचलंस का? ती म्हणाली, "दोनदा." आणि मग जरा थांबून, "सर, ह्यांची शाळा वर्षभर असती व्हय?"

मी ही कादंबरी मौज प्रकाशनाने 2004 साली काढली तेव्हापासून तीन-चारदा वाचली होती. तिच्याबद्दल मित्रांशी बोललो होतो, एकदा तालुक्याच्या वाचक मंडळात चांगला पाऊण तास भाषणही ठोकलं होतं. त्या पाऊण तासात जे मला सुचलं नव्हतं ते या मुलीने सहा शब्दांत विचारलं. 'शाळा' ही प्रेमकथा आहे, कुमारवयाची कथा आहे, आणीबाणीच्या काळाची आहे, हे सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण ती ज्या मालमसाल्याने बांधली आहे तो मसाला म्हणजे वर्ष. नववीचं सलग, कुठेही न तुटलेलं एक वर्ष. बालाघाटाच्या डोंगरात, जिथे निम्मा वर्ग दिवाळीनंतर ऊसतोडीपायी रिकामा होतो, तिथे बसून वाचल्याशिवाय ते दिसत नाही, कारण ज्याच्याकडे वर्ष आहे त्याला ते हवेसारखं दिसतच नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1975-76चा सुमार. मुकुंद जोशी नावाचा नववीतला मुलगा, त्याचे तीन सवंगडी: सुऱ्या म्हात्रे, चित्रे आणि फावड्या. आडनावांवरूनच कळतं की हा मुलूख मुंबई-ठाण्याकडचा. एक अर्धवट बांधून पडलेली इमारत हा चौघांचा अड्डा. जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते, सुऱ्याला केवडा. त्यापुढे काय होतं? जवळजवळ काहीच नाही. आणि हे काहीच नाही तीनशे पानं आपल्याला खिळवून ठेवतं.

आधी त्या आडनावाकडे बघू. नायिकेला नायक मनातल्या मनातसुद्धा 'शिरोडकर' म्हणतो. जवळीक वाढत जाते, पण आडनाव तिथंच. मला यात बोकिलांची फार मोठी युक्ती दिसते, आणि ती युक्ती आहे असं कुठेही वाटत नाही, हे तिचं यश. पहिल्या नावावर हक्क लागतो. घरच्यांचा, मैत्रिणींचा, पुढे कधी तरी नवऱ्याचा. आडनाव मात्र हजेरीपटाचं असतं. रोज सकाळी सरकारी आवाजात सगळ्या वर्गासमोर ते उच्चारलं जातं आणि त्या एका उच्चाराला कोणी हरकत घेऊ शकत नाही. मुलग्याला तिच्यापैकी एवढंच कायदेशीर मिळालेलं असतं, तर तो त्यालाच आपलं करतो. कोरडा शब्द; पण पुस्तक अर्ध्यावर येईपर्यंत त्या पाच अक्षरांना असा काही ओलावा येतो की एखाद्या कवीने लाडाचं नाव शोधून काढलं असतं तरी तो आला नसता.

आमच्याकडे ही युक्ती चालली नसती, हे मला हजेरी घेताना रोज कळतं. एका गावच्या शाळेत एकच आडनाव पंधरा-पंधरा वेळा येतं. आडनावाने हाक मारली तर निम्मा वर्ग उभा राहील. इथे मुलगी कळते ती बापाच्या नावाने, वस्तीच्या नावाने, कुणाच्या वावराशेजारी घर आहे त्यावरून. म्हणजे मुलग्याच्या मनात ती आली की तिच्या मागून तिचं सगळं भावकीचं लटांबर येतं. शिरोडकर एकटी येऊ शकते. अनोळखी आडनावांनी भरत चाललेल्या गावातच असं प्रेम उगवतं. बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत, कातकऱ्यांवर आणि मेंढा गावावर त्यांनी पुस्तकं लिहिली आहेत. आणि माणसं एकत्र कशी राहतात, कुठे बसतात, कुणाशी बोलतात, कुणाशी बोलत नाहीत, याकडे बघायची त्यांची नजर या वर्गातही जागी आहे. पाड्याचा नकाशा काढावा तसा त्यांनी नववीच्या वर्गाचा काढला आहे. फक्त पेन्सिल एका चौदा वर्षांच्या पोराच्या हातात दिली आहे.

हा पोरगा कसा बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. प्रौढ माणूस लहानपण सांगायला बसला की दोन दोष हमखास होतात. एक तर तो पोराच्या तोंडी शहाणपण घालतो, नाहीतर पोराचं बोबडं कौतुक करतो. इथे मोठा झालेला जोशी मध्येच डोकावून 'तेव्हा कुठे ठाऊक होतं' असा सुस्कारा टाकत नाही. जे त्या वयाला कळतं तेवढंच कळतं आणि जे कळत नाही ते तसंच, न उलगडलेलं, पानावर पडून राहतं. वाक्यं आखूड, सरळ, थोडी उद्धट. आईला आईसाहेब आणि थोरल्या बहिणीला अंबाबाई म्हणणारा हा मुलगा. अंबाबाई आली की आमच्या वर्गात खसखस पिकते, कारण अंबाजोगाई इथून बसने तासाभरावर. तिथल्या योगेश्वरी देवीला कोकणस्थ मंडळी कुलदेवता मानतात, दूरदूरची घरं दर्शनाला येतात. तेव्हा जोशीच्या घरातलं हे टोपणनाव आमच्या बाजूला अगदीच परकं नसावं, असं मला आपलं उगीच वाटून घ्यायला आवडतं.

'इचिभना' हा त्या पोरांचा उद्गार. पुस्तक वाचलेल्या माणसाला तो एक शब्द पुरतो. दोन अनोळखी वाचक एस.टी.त शेजारी बसले आणि एकाने तो उच्चारला तर दुसरा हसणारच. शिवी आहे म्हटलं तर शिवी, नाही म्हटलं तर नुसता श्वास. मोठ्यांच्या शिव्या जशाच्या तशा उचलायचं धाडस अजून आलेलं नाही, आणि घरचं 'अय्या-अरेच्चा' सुटलेलं आहे, या मधल्या फटीत असे शब्द जन्मतात.

दुसरा शब्द 'लाइन'. त्याभोवती तर सगळं व्याकरणच उभं आहे. कुणाची लाइन कोण, कोण देतं, कोण नुसतंच मारतं. आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. लाइन आली का, लाइन गेली, आठवडाभर लाइन रात्रीचीच आहे. रात्री दोनला मोटार चालू करायला उठणाऱ्या घरातल्या मुलाला मी हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवला, तेव्हा तो आधी गोंधळला, मग त्याला समजलं, आणि मग तो अशा काही समजुतीने हसला की मला पुढचं वाचवेना. येईल की नाही याचा भरवसा नाही, आली तर किती वेळ टिकेल ठाऊक नाही, आणि तिच्यासाठी रात्र जागून काढायची: लाइन या शब्दाचे दोन अर्थ वेगळे आहेतच कुठे?

आता त्या 'काहीच घडत नाही'कडे. वर्गात मुलांच्या रांगा एकीकडे, मुलींच्या दुसरीकडे. मध्ये हातभर वाट. बोलणं जवळजवळ बंद. अशा ठिकाणी प्रेमाला एकच अवयव उरतो, तो म्हणजे मान. ती किती वळवायची, कधी वळवायची, वळवल्याचं कुणाला कळू न देता कशी वळवायची. वाचता वाचता आपल्यालाही त्या वर्गाची बैठक पाठ होते. बोकिलांनी नजरेला इतकं महत्त्व दिलं आहे की नजरानजर झाली की ती एखाद्या लढाईसारखी वाटते, आणि एखाद्या दिवशी ती झाली नाही की संपूर्ण पान उदास होतं. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. ज्याने नववीत असं कुणाकडे पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे की हिशेब असाच असतो.

पण हा हिशेब चालायला एक भांडवल लागतं. तीच शाळा, तोच बाक, तीच वाट, आणि हे सगळं परत परत. आज नाही पाहिलं तर उद्या पाहील, हा भरवसा. घटक चाचणी, सहामाही, सुट्टी, पुन्हा शाळा, वार्षिक. वर्षाचे दोनशेवर दिवस हाताशी आहेत म्हणून जोशी एकेक दिवस एवढ्या उधळेपणाने नुसता बघण्यात घालवू शकतो. कादंबरीची सगळी संथ चाल, तिचे ते न घडणारे प्रसंग, वाट बघण्यातली ती चव, सगळं या भरवशावर उभं आहे. बोकील घाई करत नाहीत याचं कौतुक आपण शैली म्हणून करतो. खरं तर शाळेचं वेळापत्रकच कादंबरीचं वेळापत्रक झालं आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत ते वेळापत्रक कारखान्याचं असतं. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात, आणि गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांचं नाव हत्याराला नाही, हत्याराचं नाव माणसांना. हंगामी वसतिगृहं निघाली, पुष्कळ मुलं आजी-आजोबांपाशी मागे राहू लागली, हे खरं. पण मुलगी थोरली झाली की तिला मागे ठेवायला आई-बाप धजत नाहीत. बरोबर न्यायची किंवा लग्न लावून द्यायचं. लग्न लागलं की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते, हेही एक गणित आहेच. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या विशीच्या पुढच्या तरुण बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. माझ्या हजेरीपटाला हा आकडा ऐकून नवल वाटलं नाही.

तर अशा ठिकाणी सुऱ्या आणि केवडा यांचं प्रकरण वाचलं की अंगावर येतं. सुऱ्या जोशीसारखा नजरेवर भागवणारा नव्हे. तो सरळ जाऊन बोलतो. आणि मग जे होतं ते शाळेच्या कचेरीत पोचतं, मोठी माणसं मध्ये पडतात, आणि आत्तापर्यंत हसत-खिदळत चाललेल्या पुस्तकाचा आवाज एकदम बदलतो. याआधी हे प्रेम पोरांच्या भाषेत होतं, आता ते मोठ्यांच्या भाषेत जातं आणि तिथं त्याचं नाव 'प्रकरण' होतं. मला कादंबरीतला हा भाग सर्वांत ताकदीचा वाटतो. बोकिलांनी इथे कुणालाही खलनायक केलेलं नाही. मोठी माणसं मोठ्यांसारखी वागतात, एवढंच. पण त्यांनी पोरांच्या शब्दांना हात लावला की ते शब्द कसे मळतात, ते फार बारकाईने दिसतं. आमच्याकडे 'प्रकरण' शाळेच्या कचेरीत फार वेळ थांबत नाही. आठ दिवसांत मुलीची शाळा सुटते, पंधराव्या दिवशी पाहुणे येतात.

नरूमामाचंही सांगायला हवं. जोशी मनातलं बोलतो ते या तरुण मामाशी. मोठा असून मोठ्यांत न मोडणारा, पोराचं म्हणणं ऐकून घेणारा, त्याला वेड्यात न काढणारा. मराठी कादंबरीतल्या माझ्या आवडत्या माणसांत तो वर आहे. पण हाही तिकडचाच मामा. मराठवाड्यात मामाची मुलगी करायची पद्धत अजून सर्रास आहे. मामा म्हणजे होऊ घातलेला सासरा. त्याच्याजवळ जाऊन भाच्याने 'मला वर्गातली एक आवडते' म्हणणं म्हणजे सोयरिकीला सुरुंगच. वर्गात मी हे म्हणालो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग सर, आत्यापशी बोलावं." आत्याची गत वेगळी नाही, पण तोवर तास संपला.

आणीबाणी पुस्तकात आहे, पण ती पोरांच्या कानावर पडते तशी, भिंतीपलीकडच्या भांडणासारखी. कुणी तिला पुस्तकाचा गाभा म्हणतात. मला ती तेवढी मोठी वाटत नाही. बोलायची बंदी देशात होती आणि वर्गातही होती, हा मेळ टीकाकारांना आवडतो; जोशीला मात्र दुसऱ्या बंदीचंच पडलेलं आहे आणि मी जोशीच्या बाजूने आहे.

सुजय डहाके यांचा 'शाळा' हा चित्रपट 2012च्या जानेवारीत चित्रगृहांत आला, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही मुलं त्यात शोभून दिसली. तरी एक घोटाळा चित्रपटाला टाळता आला नाही. पडद्यावर शिरोडकरचा चेहरा दाखवावा लागतो. चेहरा दिसला की तिचं उत्तर दिसतं. पुस्तकात आपल्याला जोशीला दिसतं तेवढंच दिसतं, म्हणजे केसाची बट, दप्तर, पाठ, कधी अर्धा गाल, आणि बाकी सगळा अंदाज. त्या अंदाजातच तर मजा आहे.

इथे माझी आणि त्या मुलीची वादावादी झाली. ती दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत आली होती. "त्या शिरोडकरला काय वाटायचं ते कुठंच न्हाई," ती म्हणाली. मी मास्तरी थाटात समजावलं की ही जोशीने सांगितलेली गोष्ट आहे, त्याला जे कळत नाही ते लेखक कसं सांगणार, आणि न सांगण्यातच प्रामाणिकपणा आहे. तिने ऐकून घेतलं. "म्हंजी त्यानं तिला इचारलंच न्हाई," ती म्हणाली. तसं नाही, तो शेवटी बोलतो. काय बोलतो आणि पुढे काय होतं ते ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी इथे सांगत नाही. पण तिचा मुद्दा बोलण्याचा नव्हता, विचारण्याचा होता. मी तेव्हा गप्प बसलो. आजही माझं मत असं की जोशीची नजर तेवढीच ठेवण्यात बोकिलांची कला आहे. मात्र 'शाळा' वाचून खाली ठेवली की शिरोडकरने लिहिलेलं दुसरं एखादं पुस्तक शेजारच्या बाकावर असायला हवं होतं, असं आता मला वाटल्याशिवाय राहत नाही.

असायला हवं होतं म्हणताना हेही खरं की आमच्या कपाटात या वयासाठी फळीच नाही. खालच्या फळीवर 'किशोर'चे अंक आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. वरच्या फळीवर एकदम 'ययाति' आणि 'मृत्युंजय'. बारा ते सोळा या वयात पोरांनी काय वाचावं, तर फेणेची सायकल टाकून थेट कुरुक्षेत्रावर जावं, असा आपला शिरस्ता. इंग्रजीत या वयाची वेगळी दुकानं भरलेली असतात म्हणे. 'शाळा'सुद्धा मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही. मौजेने ती मोठ्यांची कादंबरी म्हणूनच काढली आणि मोठ्यांनी ती आपल्या हरवलेल्या नववीसाठी डोक्यावर घेतली. नववीत असणाऱ्याने नववीत असताना ती वाचणं ही निराळीच गोष्ट आहे. त्याला त्यात आठवण सापडत नाही. त्याला बातमी सापडते.

शेवटाबद्दल मी त्या मुलीला मुद्दाम विचारलं. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. एवढं सांगितल्याने काही बिघडत नाही, कारण ते कसं कळतं आणि जोशीचं काय होतं यातच सगळा शेवट आहे, आणि तो बोकिलांनी विलक्षण आवरून, जवळजवळ आवाज न करता लिहिला आहे. माझ्या पिढीतली मंडळी तिथे हळवी होतात. मीही तालुक्याच्या त्या भाषणात तिथे आवंढा गिळला होता.

"तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

ती पुस्तकातली पाचटाची पट्टी काढून बोटाला गुंडाळत होती. "कशापायी?" ती म्हणाली. "बापाची बदली झाली आसंल तिच्या. बदलीच्या गावाला बी शाळा आसतीच की, सर."